सोया ग्रॅन्युल्स: धाप लागणाऱ्या माणसाच्या ताटात किती कामाचे?

सीओपीडीसारखा फुफ्फुसांचा जुनाट आजार आणि त्यात दूध, दही, तूप, अंडं यांपैकी काहीच न खाणारा माणूस. अशा घरात सगळ्यात मोठी अडचण असते प्रथिनांची. वजन घटलेल्या रुग्णाला रोज दर किलो वजनामागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 60 ते 75 ग्रॅम. ती पोटात गेली नाहीत तर मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू झिजतात आणि धाप आणखी वाढते. पण पोटभर जेवलं की भरलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं आणि जेवता जेवताच दम लागतो. त्यामुळे कमी घासांत जास्त प्रथिनं देणारा पदार्थ शोधावा लागतो.

15 ग्रॅम प्रथिनांसाठी तुरीची कोरडी डाळ लागते 70 ग्रॅम. तिचं वरण दोन मोठ्या वाट्या होतं आणि एवढ्यानेच रुग्णाचं पोट भरतं. तेवढीच प्रथिनं 30 ग्रॅम कोरड्या सोया ग्रॅन्युल्समधून मिळतात. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठापासून बनणारा हा चुरा. 100 ग्रॅममध्ये सुमारे 52 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम अर्धा ग्रॅम स्निग्धांश. किराणा दुकानात सुटा मिळतो, डबाबंदही मिळतो, आणि प्रथिनांच्या पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

याच पिठाच्या मोठ्या वड्या घेऊ नयेत, असं स्पष्ट मत आहे. वडी रबरासारखी चावत बसावी लागते. चावताना आणि गिळताना श्वासाची लय तुटते आणि काही रुग्णांचा ऑक्सिजन जेवतानाच उतरतो. ग्रॅन्युल्सना चावण्याचे श्रम फारसे नाहीत.

मात्र ते नीट धुतले नाहीत तर त्यांच्यासारखा त्रासदायक पदार्थ नाही. सोयाबीनमधल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर तुटून पडतात आणि गॅस धरतो. निरोगी माणसाला ती नुसती कुरकुर वाटते, पण सीओपीडीच्या रुग्णाला पोट फुगल्यामुळे रात्री आडवं होता येत नाही. या साखरा पाण्यात उतरतात, म्हणून भिजवलेलं पाणी फेकायचंच. चार वाट्या पाणी उकळून गॅस बंद करा, 30 ग्रॅम ग्रॅन्युल्स त्यात टाका आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. बारीक गाळणीत ओतून गार पाण्याखाली धुवा. पहिल्या धुण्याला फेस येतो. तो जाईपर्यंत दोन-तीन वेळा धुवायचं. मग वाटीच्या बुडाने गाळणीतच दाबून पाणी काढा. मुठीने पिळण्याइतकी ताकद रुग्णाच्या हातात नसेल तरी हे जमतं. या धुण्यामुळे सोयाचा उग्र वासही बराच जातो. पहिल्या आठवड्यात रोज 10 ग्रॅमच द्या, पोटाला सवय झाली की वाढवा.

दुसरी चूक म्हणजे कोरडी भाजी किंवा खिमा. सुटे कण तोंडभर पसरतात, आणि तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाचा एखादा कण श्वासनलिकेकडे गेला की खोकल्याची उबळ थांबत नाही. ग्रॅन्युल्स ओलसर, एकजीव पदार्थातच हवेत. सगळ्यात चांगली खिचडी: 30 ग्रॅम ग्रॅन्युल्स, 25 ग्रॅम मुगाची डाळ, 30 ग्रॅम तांदूळ, किसलेला दुधी, एक मोठा चमचा दाण्याचं कूट आणि दोन लहान चमचे शेंगदाणा तेल. पाणी सढळ घालून कुकरच्या चार शिट्ट्या, नंतर पळीने घोटायची. यात साधारण 27 ग्रॅम प्रथिनं आणि 470 कॅलरी येतात. एका बैठकीत संपवायची नाही. दोन-तीन तासांच्या अंतराने दोन वेळा द्यायची.

कूट आणि तेल चवीपुरतं नाही, ते वगळू नका. ग्रॅन्युल्समध्ये स्निग्धांश नसल्यातच जमा आहे, आणि अंगात ऊर्जाच कमी पडली तर शरीर खाल्लेली प्रथिनंही जाळून टाकतं. भात-भाकरीने कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून ती बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पिष्टमय पदार्थ जाळताना तो स्निग्धांशापेक्षा जास्त तयार होतो हे खरं, पण अडचण येते ती मुख्यतः गरजेपेक्षा जास्त खाल्ल्यावर. आधीच हाडं दिसणाऱ्या माणसाचा भात तोडणं चुकीचंच आहे.

फोडणी मात्र जपून. तापलेल्या तेलात मिरची पडली की घरभर ठसका. तेल कोमट असतानाच जिरं-हिंग घालून मंद आंचेवर फुलू द्या आणि तिखट घालायचंच तर पाण्यात मिसळून. घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेल्या माणसाने तर शेगडीपाशी उभंच राहू नये. नळी आणि ज्योत यांत निदान दहा फूट अंतर हवं.

इतर पर्यायांत टोफू चावायला सगळ्यात सोपा. घटकांच्या यादीत कॅल्शियम सल्फेट असलेला घेतला तर कॅल्शियमही मिळतं, आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या वरचेवर घ्याव्या लागणाऱ्यांना त्याची गरज असतेच. पण तो महाग आहे, लहान गावांत मिळत नाही आणि पाकीट फोडल्यावर रोज पाणी बदलून दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. सोया दूध पोट भरतं त्या मानाने प्रथिनं कमी देतं. वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर भूक पूर्ण गेलेल्यांना उपयोगी, फक्त डबा रुग्णासमोर उघडू नका. तिची धूळ नाकात गेली की खोकला सुरू होतो. आधी पेल्यात पाणी, मग हळूच पावडर. पूरक आहाराच्या नेहमीच्या पावडरींपैकी अनेक दुधाच्या प्रथिनांवर बनतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. सोया चापमध्ये मैदा असतो, शिवाय तो चिवटही, त्यामुळे या आजारात तो नकोच.

ग्रॅन्युल्सने न भागणारी गोष्ट म्हणजे बी12 जीवनसत्त्व. धुतलेल्या वनस्पतीजन्य अन्नात ते भरवशाने मिळत नाही, म्हणून गोळी लागतेच. कॅल्शियमसाठी नाचणीची पेज आणि भाजलेल्या तिळाचं कूट जोडीला ठेवा.

विकत घेताना रंग फिकट पिवळसर बघा. काळपट तपकिरी, खवट वासाचा माल परत करा. घटकांत फक्त तेलरहित सोया पीठ असावं. मसाल्याची पुडी सोबत असलेले डबे टाळा, त्यात मीठ भरपूर असतं, आणि पायांवर सूज येणाऱ्या रुग्णाला ते सोसत नाही. कोरडा माल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. भिजवलेला फ्रिजमध्ये एक दिवसच टिकतो.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि सोयात काही तासांचं अंतर हवं, कारण सोयामुळे ती कमी शोषली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. थिओफिलिन हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध घेणाऱ्यांनी भात-भाकरी एकदम घटवून प्रथिनं वाढवली तर ते औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं आणि त्याचा परिणाम कमी होतो. म्हणून ताट बदलण्याआधी छातीच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.