ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी: पावसाळ्यापासूनचा घरचा अनुभव

ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक; सासूबाईंच्या जुन्या दुखण्यासाठी आम्ही त्याची कातडीवर चिकटवायची पट्टी वापरतो. आधी निकाल सांगते. पट्टी चांगली आहे. सासूबाई आता रात्री सलग झोपतात, सकाळी काठी घेऊन तुळशीपर्यंत जातात आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीची (गणपतीवर टांगायच्या सजावटीची) फळं खुर्चीवर बसून त्यांनीच निवडून दिली. त्याच्या आदल्या वर्षी त्या दिवसांत त्या खाटेवरून उठल्या नव्हत्या. पण ही पट्टी लावली आणि विसरलो, अशी वस्तू नाही. तिच्यासाठी घरातल्या बऱ्याच सवयी बदलाव्या लागतात आणि त्या कुठल्या, हे औषध लिहून देताना आम्हाला कोणी नीट सांगितलं नाही. मी स्वतः नर्स आहे, म्हणून विचारायचं काय ते मला माहीत होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

सासूबाईंच्या कंबरेच्या मणक्यातली जागा अरुंद झालीय आणि दोन्ही गुडघे झिजलेत. शिवाय मूत्रपिंडं कमजोर. त्यामुळे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन हा सगळा गट बंद. नुसत्या पॅरासिटामॉलने भागेना. ट्रामाडॉल देऊन पाहिलं, तर उलट्यांनी हैराण झाल्या. त्यातच सासरे गेल्यापासून त्यांना नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम चालू आहे. ट्रामाडॉल आणि एस्सिटालोप्राम दोन्ही सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवतात, ट्रामाडॉलने फिट येण्याचा धोकाही वाढतो. अशा रुग्णाला अचानक घाम, थरथर, बेचैनी, जुलाब सुरू झाले, नाडी जोरात पळायला लागली, तर ते 'वयामुळे होतंय' म्हणून सोडून द्यायचं नसतं. ब्युप्रेनॉर्फिनबरोबरही ही काळजी घ्यावी लागतेच, पण या औषधाचा निचरा मुख्यतः यकृतातून होतो आणि बराचसा भाग शौचावाटे जातो. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ते म्हणूनच सोयीचं पडतं.

पट्टी सात दिवसांची असते. ५, १० आणि २० असे आकडे तिच्यावर असतात, म्हणजे तासाला तितके मायक्रोग्रॅम औषध कातडीतून आत जातं. आमची सुरुवात ५ ने झाली, पुढे १० वर आलो. पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही आणि घरात कुरकूर सुरू झाली, 'एवढी महाग पट्टी, आणि दुखतंय तर तसंच!' रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायला साधारण तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल द्यायचं आणि थांबायचं. ७२ तासांच्या आत डोस वाढवायचा नाही. सगळ्यात कठीण मला हेच वाटलं, कारण कण्हणारं माणूस समोर असताना 'उद्यापर्यंत थांबूया' असं म्हणायला मन धजत नाही.

शेजारच्या मावशी पाहायला आल्या आणि म्हणाल्या, 'दुखतं गुडघ्यात, आणि पट्टी दंडाला कशाला?' प्रश्न अगदी रास्त आहे. दुकानात मिळणारी गुडघ्यावर चिकटवायची पट्टी वेगळी. ही दंडाच्या बाहेरच्या बाजूला, छातीच्या वरच्या भागात, पाठीच्या वरच्या भागात किंवा बरगडीच्या बाजूला लावतात. औषध रक्तात जातं आणि मेंदूत, मज्जारज्जूत काम करतं, त्यामुळे दुखऱ्या जागेशी तिचा संबंध नाही. दर वेळी जागा बदलायची आणि त्याच जागेवर पुन्हा यायला किमान तीन आठवडे जाऊ द्यायचे. आमचा पट्टी बदलायचा वार बुधवार. मी कालनिर्णयवर त्या चौकटीत 'उ.दं.' (उजवा दंड), 'डा.पा.' (डावी पाठ) असं लिहून ठेवते. मी रात्रपाळीला असले तरी नवऱ्याला भिंतीकडे पाहून कळतं.

लावण्याची पद्धत एकदा नीट पाहून घ्या. जागा नुसत्या पाण्याने धुवायची. साबण, खोबरेल, पावडर, क्रीम काही नको. केस असतील तर कात्रीने कापायचे, वस्तरा फिरवायचा नाही, कारण ओरखडलेल्या कातडीतून औषध जास्त शिरतं. पूर्ण कोरडं झालं की पट्टी लावून तळव्याने पंधरा सेकंद दाबून धरायची. पट्टी कापून अर्धी लावायची नाही. जून-जुलैत आमच्याकडे भिंतींनाही ओल येते, तिथे कडा सुटणारच. कडांना साधी कागदी चिकटपट्टी लावून आमचं काम झालं. पूर्ण निघून पडली तर तीच परत चिकटवायची नाही, दुसऱ्या जागी नवी लावायची आणि बदलायचा वार त्या दिवसापासून धरायचा.

आता उष्णतेचं. आमचं घर गोव्यात डिचोलीकडचं, जुनं आहे, न्हाणीत चुलीवर अजून पाणी तापवायचं भाण आहे. सासूबाईंना अंघोळीला भाणातलं कढत पाणी लागतं आणि कंबर शेकायला रबरी पिशवी. हे दोन्ही या पट्टीबरोबर धोक्याचं आहे. कातडी तापली की तिच्यातलं रक्त वाढतं आणि पट्टीतलं औषध नेहमीपेक्षा भराभर आत जातं. शेक, गरम पाण्यात बसणं, दुपारचं ऊन, अंगात ताप, सगळ्याने तेच होतं. एका दुपारी शेजारणीने मायेने पिशवी भरून दिली आणि सासूबाईंनी ती पाठीच्या वरच्या भागात धरली, नेमकी पट्टीवर. मी कामावरून आले तेव्हा त्या झोपेत होत्या, हाक मारल्यावर ओ देत होत्या, पण शब्द जड येत होते. पिशवी काढली, श्वास मोजला. मिनिटाला १४ होता. डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे संध्याकाळभर दर थोड्या वेळाने मोजत राहिले. तेवढ्यावर निभावलं. त्यानंतर पिशवी माळ्यावर गेली आणि अंघोळीचं पाणी मी स्वतः हात घालून बघते.

श्वास मोजायला घरातल्या प्रत्येकाने शिकावं. माणूस झोपलेलं असताना पोटावर किंवा छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, मंद श्वासात फसायला होतं. मिनिटाला दहाच्या खाली आला, हाक मारून आणि हलवूनही जाग येईना, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, ओठ निळसर दिसले, तर पट्टी काढायची आणि १०८ ला फोन करायचा. पट्टी काढली म्हणून लगेच सुटका होत नाही, कारण कातडीत साठलेलं औषध पुढेही झिरपत राहतं, प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण बारा तास लागतात. नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण ब्युप्रेनॉर्फिन आपली जागा घट्ट धरून बसतं, म्हणून नॅलोक्सोन जास्त आणि पुन्हापुन्हा द्यावं लागू शकतं. ते काम रुग्णालयातच होतं. 'थोडं थांबून बघू' असं अशा वेळी कृपया कोणी म्हणू नका.

याच कारणासाठी झोपेची गोळी बंद करावी लागली. सासूबाई कित्येक वर्षं रात्री अल्प्राझोलाम घेत होत्या. ओपिऑइड आणि अल्प्राझोलामच्या गटाची गोळी एकत्र आली की श्वास दबतो, उतारवयात तर जास्तच. आणि ती एकदम थांबवताही येत नाही, फिट येऊ शकते. म्हणून पट्टी सुरू करण्याआधी बांबोळीच्या मनोविकार डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने ती कमी करत आणली. एस्सिटालोप्राम मात्र चालू ठेवलं. नैराश्य आणि दुखणं एकमेकांना वाढवतात, हे मी घरातच पाहिलंय. मन थोडं सावरलं तसा सासूबाईंचा दुखण्याचा आकडाही खाली आला. शून्य ते दहामध्ये किती, असं मी रोज विचारते. पूर्वी आठ म्हणायच्या, आता तीन-चार म्हणतात.

पट्टीचा सगळ्यात कंटाळवाणा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ. मळमळ पहिल्या आठवड्यांत येते आणि शरीर सरावतं. पट्टीखाली खाज येते, लाल होतं, तेही जागा बदलली की बसतं. बद्धकोष्ठाला मात्र शरीर सरावत नाही. पट्टी आहे तोवर ते आहे. नुसती केळी, पपई आणि पाणी यांवर विसंबू नका, आतड्यांना चालना देणारं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. आमच्याकडे बिसाकोडिल आणि जोडीला लॅक्टुलोज आहे. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर मी डॉक्टरांना कळवते.

घरात आणखी एक औषध आहे, आणि त्याबद्दल भाऊजींच्या परवानगीने लिहिते. त्यांची दारू सुटावी म्हणून त्यांना नॅल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम चालू आहे. ते मेंदूतल्या ज्या जागा अडवतं, त्याच जागांवर सासूबाईंची पट्टी काम करते. चुकून भाऊजींची गोळी सासूबाईंच्या पोटात गेली तर दुखणं उसळेल, वर उलट्या, जुलाब, घाम, तळमळ असा त्रास एकदम सुरू होऊ शकतो. उलट भाऊजींना अपघात झाला तर नेहमीचं मॉर्फिन त्यांना पुरेसं लागू पडणार नाही. म्हणून त्यांच्या पाकिटात 'नॅल्ट्रेक्सोन चालू' अशी चिठ्ठी असते, आणि दोघांची औषधं दोन खोल्यांत आहेत. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरायच्या नाहीत, हा घरचा नियम. जाता जाता एक सांगते. दारू सोडवायला डायसल्फिराम डाळीत-भाजीत गुपचूप मिसळून देणारी घरं मला माहीत आहेत. तसं करू नका. त्यावर माणूस दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, त्याला ते माहीतच हवं.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवून हेरॉइनचं व्यसन सोडवण्यासाठीही देतात. हे कुठून तरी कळल्यावर एका नातेवाइकाने 'आईला नशेचं औषध देता?' असं विचारलं आणि सासूबाईंनी दोन दिवस पट्टी लावायला नकार दिला. त्या दोन दिवसांत त्यांनी जे सोसलं ते मला अजून बोचतं. शरीराला औषधाची सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी एकदम थांबवली तर त्रास होणार, म्हणून थांबवताना हळूहळू कमी करायची. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही औषधाच्या मागे धावतो. सासूबाईंना तर पट्टीचा बुधवार कधी आला तेही लक्षात राहत नाही, मला विचारतात. त्यांना हे समोर बसून समजावलं, नातेवाइकालाही. दोघांना पटलं.

काढलेली पट्टी कचऱ्यात टाकू नका. ५ ची पट्टी तासाला ५ मायक्रोग्रॅम देते, म्हणजे सात दिवसांत जेमतेम ०.८४ मिलिग्रॅम. पट्टीत मुळात ५ मिलिग्रॅम असतं. चार पंचमांशांहून जास्त औषध त्या 'वापरलेल्या' पट्टीत शिल्लक आहे, आणि रांगणारं मूल किंवा घरातला कुत्रा ती तोंडात घालू शकतो. चिकट बाजू आत करून लगेच घडी घालायची. मी घड्या घातलेल्या पट्ट्या कुलपातल्या डब्यात ठेवते आणि वॉर्डातल्या नियमाप्रमाणे विल्हेवाटीसाठी देते. तुमच्याकडे सोय नसेल तर जिथून औषध लिहून घेता तिथे विचारा.

मिळण्याच्या बाबतीत गुण कापते. औषध शेड्यूल एच१ मधलं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि दुकानदार वेगळ्या नोंदवहीत नाव, डॉक्टर, संख्या लिहून घेतो. ते योग्यच आहे. पण गावाकडच्या दुकानात पट्टी बहुतेक वेळा नसते, म्हापसा किंवा पणजी गाठावी लागते, आणि चिठ्ठीची तारीख उलटलेली असली की परत फिरावं लागतं. डब्यात दोन पट्ट्या उरल्या की नवी चिठ्ठी घ्या. चवथ, दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांआधी तर तीन असतानाच.