बाहेरून धुरळा, आतून मोरचूद

लंडनमधल्या पालिकेच्या पाडायला काढलेल्या घरांवरच्या दोन कलाकृती मी शेजारी ठेवून पाहते.

रेचल व्हाइटरीड यांची ‘डिमॉलिश्ड’ (१९९६) ही १२ कृष्णधवल छापचित्रांची मालिका. हॅकनी भागातले टॉवर १९९३ ते १९९५ या काळात स्फोटकांनी पाडले, ते क्षण त्यांनी दुरून टिपले. एका चित्रात इमारत उभी, पुढच्यात कोसळणारी, मग नुसता धुरळा. तिथे कोण राहत होतं, याचा मागमूस नाही. हेच मला सर्वांत जास्त बोचतं.

रॉजर हायर्न्स यांचं ‘सीझर’ (२००८) थेट घरात शिरतं. या शब्दाचा अर्थ जप्ती, आणि फेफरंही. एलिफंट अँड कॅसलजवळची एक रिकामी सदनिका त्यांनी गळणार नाही अशी बंद केली आणि वरून ७५,००० लिटर द्रावण ओतलं. द्रावण कशाचं? द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला लागतं त्या मोरचुदाचं! ते निवत गेलं तसे स्फटिक धरले, उरलेलं उपसून काढलं. भिंती, छत, इतकंच काय, न्हाणीघरातला टबसुद्धा गर्द निळ्या, टोकदार खड्यांनी भरून गेला. इमारत पाडायची वेळ आली तेव्हा ती खोली कापून वेगळी केली. २०१३ पासून ती यॉर्कशर स्कल्प्चर पार्कमध्ये आहे.

निळी खोली डोळे दिपवते, पण त्या झळाळीत घराची पडझड विसरायला होते. म्हणून माझा कौल व्हाइटरीड यांना. तरी तो टब काही डोळ्यांसमोरून हलत नाही.