तिबेटी स्वेटर बाजार, नागपूर: चेन गेली, तरी चार तारे

गेल्या डिसेंबरात नातवासाठी इथून जॅकेट घेतलं, साडेनऊशेचं. महिनाभरात चेन गेली. बदलायला नेलं तर मैदान रिकामं, बांबूंचे खड्डे तेवढे उरलेले. "बिल नाही, पत्ता नाही. गेले पैसे," बायकोने निकाल दिला. जॅकेट माळ्यावर.

यंदा नोव्हेंबरात तंबू लागले, म्हणून सहज घेऊन गेलो. दोघी बहिणींचं दुकान. थोरलीने जॅकेट उलटं केलं, आतल्या शिलाईवरून बोट फिरवलं. "आमचाच माल हाय, काका." धाकटीने तासाभरात रनर बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. भावात मात्र रुपया सोडत नाहीत, 'एकच भाव' अशी पाटीच आहे. तरी लोक घासाघीस करतात. हेच लोक मॉलमध्ये तोंड उघडत नाहीत.

माल तिबेटचा नव्हे, लुधियानाचा. तिथले व्यापारी यांना बराच माल उधारीवर देतात, हंगाम संपला की हिशेब. मी 31 वर्षं बँकेत काढली. तारण ठेवून बुडवणारे पाहिलेत, त्यामुळे हे ऐकून जरा गप्पच झालो.

दोघी गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या. नवेगावबांधकडे 1972 पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. बोली अस्सल झाडीपट्टीची. थोरली 1984 ची, धाकटी 1989 ची, जन्म दोघींचा इथलाच. पण कायद्यात 1 जुलै 1987 ची रेघ आहे. त्याआधी भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक. त्यानंतरच्याला आईबापांपैकी एक तरी नागरिक लागतो. तिबेट्यांनाही हे लागू आहे, असं 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणून थोरली मतदान करते आणि धाकटी परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक, म्हणजे आरसी, सांभाळते, मुदत संपली की नूतनीकरण. गल्ला एकच.

तसलं पुस्तक घेऊन एक पोरगी कधीकाळी माझ्या काउंटरवर आली होती, खातं उघडायला. मला कागद कळेना. "साहेबांना विचारतो" म्हणत तिला तीन खेपा घालायला लावल्या. शेवटी खातं उघडलंच, म्हणजे कागद चालत होता, कंटाळा माझा. धाकटीला विचारलं, ती तूच तर नव्हेस? हसली. "नाही काका, माझं खातं पयल्याच दिवशी उघडलं." सुटल्यासारखं काही वाटलं नाही.

पाचवा तारा कापला तो आरशासाठी. सगळ्या रांगेत एकच, तोही डुगडुगता. अंगात घालून बघायचं तर भर गर्दीत. लोकरी मोजे घ्याच, मफलर मात्र टोचतात. यूपीआय चालतं. पोरांचे मोठे साइज पहिल्या पंधरवड्यातच संपतात.