निफाडच्या थंडीत जनसेटसाठी कूलंट हीटर: उपयोग, जोडणी आणि काही उणिवा

इंजिनातील पाणी विजेवर गरम ठेवणारा हीटर नाशिक जिल्ह्यात घ्यावा की नाही, हे हवामानापेक्षा इंजिनाच्या कामावरून ठरते. ज्या इंजिनाला सुरू होऊन सावकाश गरम होण्याची सवड असते, त्याला येथे हीटरची गरज नाही. ज्या इंजिनावर सुरू झाल्याबरोबर काही सेकंदांत पूर्ण भार पडतो, त्याला मात्र हा हीटर लावायलाच हवा, अशा ठाम मताला मी आलो आहे. निफाड तालुक्यातील ज्या द्राक्ष पॅकहाउसची यंत्रसामग्री मी सांभाळतो, तेथील जनसेटवर, म्हणजे डिझेल इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरवर, बसवलेल्या १५०० वॉट, २३० व्होल्टच्या कूलंट हीटरबद्दल हे परीक्षण आहे. हीटर अंबड औद्योगिक वसाहतीतील एका पुरवठादाराकडून घेतला. त्याच्या काही उणिवा पुढे सांगितल्या आहेत, त्यामुळे पुरवठादाराचे आणि उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही. याच बनावटीचे हीटर बाजारात अनेकांचे मिळतात आणि त्यांतील डावे-उजवे ठरवण्याचे निकष सर्वांना सारखेच लागू पडतात.

आधी थंडीविषयी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंदी वर्तमानपत्रांत येतात, त्यामुळे निफाडचा पारा महाराष्ट्रभर चर्चेत असतो. काही हिवाळ्यांत तो पाच अंशांच्या खाली उतरतो, आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. माणसाला आणि द्राक्षाला ही थंडी कडाक्याची असली तरी डिझेल इंजिनाच्या हिशेबात ती मध्यमच म्हणावी लागेल. १५डब्ल्यू-४० या आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑइलची गारठ्यात सेल्फ फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांवर घेतली जाते. त्यामुळे पाच-सहा अंशांवर इंजिन सुरूच होत नसेल, तर दोष बहुधा बॅटरीत, तिच्या टर्मिनलांत, डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेल्या हवेत किंवा सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगमध्ये असतो. तेथे हीटर लावणे म्हणजे रोग सोडून लक्षणावर खर्च करणे होय.

मग पॅकहाउसला हीटर कशासाठी? द्राक्षाची काढणी झाल्यावर मण्यांतील उष्णता लवकरात लवकर काढून घेण्यासाठी माल प्रीकूलिंगमध्ये जातो आणि नंतर शून्य अंशाच्या आसपास शीतगृहात राहतो. या साखळीत पहाटे चारला वीज गेली, तर कॉम्प्रेसर लगेच जनरेटरवर घ्यावा लागतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. इंजिन त्या वेळी गार असेल तर सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, पांढरा धूर येतो, आणि भार पडताच फेरे खाली येऊन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या बरीच खाली जाते. मग पॅनेलमधील संरक्षक रिले काम करतो आणि सारे पुन्हा बंद पडते. हे टाळण्यासाठी ऑपरेटर इंजिन काही मिनिटे रिकामे चालवून गरम करतो, पण ऑटोमॅटिक पॅनेलवर चालणाऱ्या जनसेटला ती सवलत नसते, आणि रात्री ऑपरेटर जागेवर असेलच असेही नाही.

याशिवाय झीज आहे. न जळलेले डिझेल लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतील नळीच्या, भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करते. गारठलेले, दाट झालेले ऑइल वरच्या भागापर्यंत पोहोचायला उशीर लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिनावर पूर्ण भार असतो. हे नुकसान कोणत्याही एका दिवशी दिसत नाही, पण पुढे ओव्हरहॉलिंगच्या बिलात ते उमटते. अमेरिकेत आग विझवण्याच्या पंपांना जोडलेल्या डिझेल इंजिनांच्या पाण्याचे तापमान ४९ अंशांवर राखण्याचा दंडक आहे तो याच कारणासाठी. आगीच्या प्रसंगी इंजिनाला गरम होण्याची सवड देता येत नाही, मग बाहेर बर्फ असो वा नसो.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. हीटर म्हणजे ओतीव ॲल्युमिनियमचा एक लहानसा डबा असून त्याच्या आत विजेचे एलिमेंट आणि थर्मोस्टॅट असतो आणि बाहेर होज पाइपांसाठी दोन तोंडे असतात. पाणी ३८ अंशांच्या खाली गेले की एलिमेंट सुरू होते आणि ४९ अंशांना बंद होते. या बनावटीत पंप नाही. डब्यात तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, ब्लॉकमधील (इंजिनाच्या सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागातील) गार पाणी खालून डब्यात येते, आणि आपल्या जुन्या तांब्याच्या बंबात जसे वरचे पाणी आधी कढत होते तसाच हा प्रवाह कोणतेही यंत्र न लावता अखंड चालू राहतो. पंप नसल्याने बिघडायला एक वस्तू कमी आहे, हा या बनावटीचा मोठा गुण मला वाटतो. इंजिन फार मोठे असेल तर मात्र पंप असलेलाच हीटर घ्यावा, कारण केवळ तापलेल्या पाण्याच्या हलकेपणावर विसंबल्यास दूरचे सिलिंडर कोमटसुद्धा होत नाहीत.

पंप नसल्यामुळेच सारे यश जोडणीवर अवलंबून असते, आणि माझ्या मते या हीटरच्या किमतीपेक्षा तो बसवणाऱ्या फिटरच्या समजेला जास्त मोल आहे. डबा इंजिनाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली, शक्य तितका खालच्या अंगाला बसवावा लागतो. गार पाण्याचा पाइप ब्लॉकच्या तळाकडील ड्रेनच्या जागेतून घ्यावा आणि गरम पाण्याचा पाइप वर हेडजवळ, म्हणजे ब्लॉकवरील झाकणाजवळ, द्यावा. हा वरचा पाइप जाताना सतत चढता असला पाहिजे. मध्ये कोठे तो खाली झुकला किंवा त्याला उंचवटा आला, तर तेथे हवा अडकते आणि पाणी फिरणे थांबते. आणखी एक बाब जाणकार फिटरच सांभाळतो: गरम पाणी इंजिनाच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटच्या (इंजिन गार असताना रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या) आतल्या बाजूला सोडावे. ते पलीकडे रेडिएटरच्या बाजूला सोडले, तर हीटर रात्रभर रेडिएटर तापवत बसतो आणि ब्लॉक गारच राहतो.

कूलंट भरल्यावर हवा पूर्ण काढून इंजिन एकदा चालवून घ्यावे आणि मगच हीटरला वीज द्यावी. कोरडे किंवा हवेने वेढलेले एलिमेंट पाहता पाहता जळते, आणि अशा जळण्यावर उत्पादक वॉरंटी देत नाही. पाण्याच्या बाबतीतही आपल्या भागाला वेगळी काळजी घ्यावी लागते. बोअरचे जड पाणी थेट रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्यातील क्षार सर्वांत तापलेल्या जागेवर, म्हणजे एलिमेंटवरच, प्रथम बसतात. क्षारांच्या थराखाली एलिमेंट अधिकाधिक तापत जाते आणि अखेर फुटते. त्यामुळे हीटर घेण्याआधी जुने पाणी काढून, आतील भाग धुऊन, तयार कूलंट किंवा शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेले कूलंट भरावे. तेवढा खर्च करायची तयारी नसेल, तर हीटरही घेऊ नये.

विजेची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी. हीटरला जादा प्रवाह वाहताच वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळतीचा प्रवाह लागताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. वीज महावितरणच्या बाजूने द्यावी, आणि इंजिन सुरू होताच पॅनेलमधील कॉन्टॅक्टरने हीटर बंद व्हावा. पुरवठा गेल्यावर हीटरही बंद पडेल, मग उपयोग काय, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर असे की इंजिन त्या वेळी आधीच तापलेले असते आणि पुढच्या काही सेकंदांत ते सुरूही होते. शिवाय ओतीव लोखंडाचा एवढा मोठा ठोकळा लगेच गार होत नाही.

हीटर बसवल्यानंतरचा फरक स्पष्ट आहे. थंडीतल्या पहाटे सेल्फचा आवाज लांबत नाही, पांढरा धूर जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि पहिला कॉम्प्रेसर घेताना फेरे किंचित खाली येऊन लगेच सावरतात. पूर्वी दुसरा कॉम्प्रेसर घेण्याआधी जी वाट पाहावी लागे, ती आता पाहावी लागत नाही. हात लावून पाहिले तर ब्लॉक सगळीकडे सारखा गरम लागतो. पाणी नीट फिरत असल्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. ऑइल मात्र पाण्याइतके तापत नाही. ते ब्लॉकच्या सान्निध्याने कोमट होते, आणि आपल्या हवेत तेवढे पुरते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सोबत मिळालेल्या पाइपाच्या क्लिप हलक्या होत्या; दररोज तापणाऱ्या आणि निवणाऱ्या होजवर त्या सैल पडून गळती सुरू झाली, आणि आम्हाला चांगल्या प्रतीच्या क्लिप विकत आणून बसवाव्या लागल्या. एलिमेंट बदलताना सारे कूलंट काढावे लागू नये म्हणून दोन्ही पाइपांवर व्हॉल्व्ह असायला हवे होते. तेही आम्हीच वेगळे घेतले. हीटर चालू आहे की नाही हे दाखवणारा दिवा नाही, त्यामुळे एलिमेंट गेलेले असले तरी ते पहाटेच्या धुरावरूनच कळणार. पॅनेलवर एक दिवा आणि अँपिअर मीटर लावून ही अडचण आम्ही दूर केली. माहितीपत्रक केवळ इंग्रजीत असून त्यात जोडणीचे एकच धूसर चित्र आहे. ज्या वस्तूचे यश पाइपाच्या चढावर ठरते, तिच्यासोबत मराठीत आणि हिंदीत स्पष्ट आकृत्या देणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

खर्चाचा हिशेब साधा आहे. हीटर सतत चालत नाही. थर्मोस्टॅटमुळे तो दिवसाकाठी एकूण आठ तास चालला असे धरले, तर १२ युनिटे लागतात, म्हणजे महिन्याला ३६०. तापमान, वारा आणि इंजिनाचा आकार यांनुसार हा आकडा कमी-जास्त होतो. होज पाइपांवर इन्सुलेशन गुंडाळले आणि जनसेटच्या खोलीची उत्तरेकडील खिडकी थंडीत बंद ठेवली, तर वीज निश्चित वाचते. ज्याच्या शीतगृहात लाखो रुपयांचा निर्यातीचा माल आहे, त्याला हे बिल जड वाटू नये. ज्याचा जनरेटर केवळ दिवे आणि पंखे चालवतो, त्याला ते जड वाटेल आणि तसे वाटणे योग्यच आहे.

याच निमित्ताने इतर प्रकारांविषयी थोडे. वाहनांसाठी इंजिन गरम ठेवण्याची कल्पना बर्फाळ प्रदेशातली आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्सचे अँड्र्यू फ्रीमन यांना अशा विजेच्या हीटरचे पेटंट १९४९ साली मिळाले. त्यांच्या रचनेत हेडच्या बोल्टच्या जागी एलिमेंट असलेला पोकळ बोल्ट बसे. आज मोटारींसाठी ब्लॉकमधील गोल टोपी काढून तिच्या जागी बसवायचे एलिमेंट, रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये घालायचे हीटर आणि ऑइल चेंबरला चिकटवायच्या सिलिकॉनच्या पट्ट्या मिळतात. ट्रॅक्टरसाठी लोहचुंबकाने चिकटणारा हीटर मी वापरून पाहिला. तो लोखंडी चेंबरवर पक्का बसतो, ॲल्युमिनियमच्या चेंबरवर बसतच नाही, आणि चिखल व जुने ऑइल साचलेल्या चेंबरवर लावणे धोक्याचे आहे. उघड्यावर उभ्या असणाऱ्या ट्रॅक्टरपर्यंत वायर ओढण्यापेक्षा त्याची बॅटरी तपासून घेणे बरे. रात्री घराखाली उभ्या राहणाऱ्या मोटारींना तर नाशिकमध्ये याची गरजच पडत नाही.

बोटींच्या बाबतीतही हेच. थंड देशांत धक्क्यावरची वीज घेऊन बोटीतील इंजिन आणि त्याचा कप्पा गरम ठेवतात, जेणेकरून आत शिरलेले पाणी गोठून ब्लॉक फुटू नये. गंगापूर धरणाचे पाणी गोठत नाही, म्हणून तेथील बोटींना ही तजवीज लागत नाही. पेट्रोलच्या बोटीत तर ठिणगी न पडण्याची हमी असलेल्या उपकरणाखेरीज कोणतेही विजेचे उपकरण इंजिनाच्या कप्प्यात बसवू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहते.

घ्यायचे ठरवलेच, तर इंजिनाच्या उत्पादकाकडून त्या मॉडेलसाठी किती वॉट लागतात आणि पाइप कोठे जोडायचे याची लेखी माहिती मागून घ्यावी. केवळ केव्हीए, म्हणजे जनरेटरची क्षमता, सांगून हीटर मागवू नये. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीची कामे आटोपली की होज, क्लिप आणि अर्थिंग तपासले जाते, दिवाळीनंतर हीटर चालू होतो आणि होळीच्या सुमारास बंद होतो. एलिमेंट आणि थर्मोस्टॅट यांचा एक जादा संच जनसेटच्या खोलीतच ठेवावा, कारण ऐन हंगामात हे भाग मागवले तर हाती पडेपर्यंत थंडीचा आठवडा निघून जातो.