रेल्वेसाठी चीनचं कर्ज घ्यावं का? केनिया आणि टांझानियाचे रूळ शेजारी ठेवून

युगांडाने २०१५ मध्ये केनियाच्या सीमेवरचं मलाबा ते राजधानी कंपाला या रेल्वेचं काम एका चिनी कंपनीला दिलं. बीजिंगहून कर्ज येण्याची वाट पाहण्यात सात-आठ वर्षं गेली. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये करार मोडला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच काम तुर्की कंपनीच्या हाती दिलं. आफ्रिकेतलं चीनचं धोरण जोखायचं असेल तर ‘कर्जाचा सापळा’ (चीन मुद्दाम गरीब देशांना कर्जात अडकवतो का) हा घासून गुळगुळीत झालेला वाद तूर्त सोडा आणि युगांडाचे दोन शेजारी बघा.

केनियाची मोंबासा–नैरोबी रेल्वे ३१ मे २०१७ ला धावली. एवढं काम अडीच वर्षांत उरकलं, हे चीनचं खरं बळ आहे. त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण कर्ज चीनच्या एक्झिम (सरकारी निर्यात-आयात) बँकेचं, बांधणारे चिनी, सुरुवातीची वर्षं गाड्या चालवणारेही चिनी. आचारी त्यांचा, वाढपी त्यांचा, बिल तेवढं यजमानाचं! सुमारे ३.२ अब्ज डॉलरपैकी निम्मं कर्ज २ टक्क्यांचं, सवलतीचं. उरलेलं निम्मं घेतलं तेव्हा दर लायबर (लंडनच्या बँकांचा तेव्हाचा बदलता व्याजदर) अधिक ३.६ टक्के, म्हणजे जगात व्याज चढलं की हप्ताही चढायचा. तंटा झाला तर लवाद बीजिंगमध्ये. हे कागद केनियाच्या जनतेने पाहिले ते थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये, तेही अर्धेमुर्धेच.

मोंबासा बंदर गहाण टाकलंय, ही आवई फार फिरली. खरी मेख मालाच्या हमीत होती. बंदर प्राधिकरणाने रेल्वेला ठरावीक माल देण्याचं कबूल केलं होतं. म्हणून २०१९ मध्ये कंटेनर रेल्वेनेच न्या, असा हुकूम निघाला आणि मोंबासातले ट्रकवाले रस्त्यावर उतरले. रूळ मात्र नैरोबीच्या थोडं पुढे, नैवाशाजवळ थांबले. सीमेपर्यंत पोचलेच नाहीत. युगांडाचं घोडं अडलं तेही यामुळेच.

टांझानियाने कामाचे तुकडे पाडले. दारेसलाम–मोरोगोरो हा पहिला तुकडा तुर्की आणि पोर्तुगीज कंपन्यांना, पैसा बराचसा स्वतःचा. मग २०२० मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेमार्फत १.४६ अब्ज डॉलर उभे केले, डेन्मार्क आणि स्वीडनच्या, निर्यातीच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी संस्थांच्या पाठबळावर. रेल्वे विजेची, केनियाची डिझेलवर चालते. उशीर मात्र दणदणीत: पहिला टप्पा २०१९ मध्ये पुरा व्हायचा होता, मोरोगोरोच्या पुढे राजधानी डोडोमाला गाडी पोचली जुलै २०२४ मध्ये. गंमत म्हणजे म्वांझा–इसाका हा तुकडा २०२१ मध्ये चिनी कंपन्यांनाच मिळाला. चीन नको असं नव्हतंच. सगळा डाव एकाच्या हाती नको, एवढंच.

(आपली मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनही जपानचं कर्ज आणि जपानचं तंत्रज्ञान अशीच एकत्र आली आहे. पण व्याज ०.१ टक्के आणि मुदत ५० वर्षं. सगळी गोम दरात आणि मुदतीत.)

माझा कौल असा: मालाची खात्री असेल, निवडणूक तोंडावर असेल, तर चीनइतकं झटपट कुणी बांधून देणार नाही. मालाचा आकडा अंदाजपंचे असेल तर टांझानियासारखं रखडलेलं परवडलं.

आणि हो, मागितलं म्हणून मिळेलच असंही आता नाही. आफ्रिकेला चीनने २०१६ मध्ये सुमारे २८ अब्ज डॉलर कर्ज दिलं होतं. २०२२ मध्ये जेमतेम एक अब्ज.