माघार घेणारा नवखा खरेदीदार आणि ईबेची व्यवस्था: एका विक्रेत्याचे परीक्षण

वापरलेले कॅमेरे आणि लेन्स विकणारा विक्रेता या नात्याने मी हे परीक्षण लिहीत आहे आणि त्यात एकाच प्रश्नाचा विचार केला आहे: पहिल्यांदाच किंवा क्वचितच खरेदी करणारा माणूस ‘घेतो’ म्हणून नंतर मागे फिरला, तर ईबे ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची सेवा विक्रेत्याला कितपत सांभाळून घेते. शोधाची सोय, कमिशनचे दर, पार्सलची व्यवस्था यांवर पुष्कळ लिहिले जाते. मोडलेल्या सौद्याबद्दल मात्र विक्रेते आपापसांत तक्रार करतात आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक किरकोळ विक्रेत्याचे खरे नुकसान इथेच होते. वस्तू विकली गेली असे दिसताच इतर इच्छुक दुसरीकडे वळतात, लिलाव लावला असेल तर तो चालला तितके दिवस वाया जातात, आणि तीच वस्तू पुन्हा विक्रीला आली की पाहणाऱ्याला वाटते, हिच्यात काहीतरी खोट असणार.

माघार घेणारे बहुतेक नवखे लोक लबाड नसतात, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण व्यवस्थेचे मोजमाप त्यावर अवलंबून आहे. त्यांची सवय मोठ्या ऑनलाइन दुकानांत घडलेली असते. तिथे ऑर्डर रद्द करायला एक बटण दाबावे लागते आणि त्याने कोणाचे काही बिघडले असे जाणवत नाही. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशाने तर व्यावसायिक विक्रेत्याकडून दूरस्थ पद्धतीने घेतलेला माल 14 दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क खासगी व्यक्तीकडून केलेल्या खरेदीला लागू होत नाही, पण दुकानदाराचा माल आणि एखाद्याने आपल्या कपाटातून काढून विकायला ठेवलेला कॅमेरा एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या छायाचित्रात, एकाच रंगाच्या बटणासह दिसत असतील, तर नवख्याने हा भेद कसा ओळखावा?

दुसरे कारण वस्तूच्या अपुऱ्या माहितीचे आहे, आणि माझ्या क्षेत्रात ते सतत आढळते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याच्या जोडणीत, लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर 46.5 मिलिमीटर असते, तर कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते 44 मिलिमीटर असते. त्यामुळे निकॉनची जुनी लेन्स साध्या अडॅप्टरने (दोन वेगळ्या जोडण्या जुळवणाऱ्या कड्याने) कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यावर बसते आणि दूरच्या दृश्यापर्यंत फोकसही होते. उलट दिशेने मात्र अडॅप्टरसाठी जागाच उरत नाही. नवशिक्या छायाचित्रकाराने कुठेतरी वाचलेले असते की अडॅप्टर लावला म्हणजे झाले. तो लेन्स विकत घेतो, त्याच रात्री एखादा जाणकार मित्र त्याला खरी गोष्ट सांगतो आणि सकाळी विक्रेत्याला संदेश येतो: ‘क्षमस्व, आता नको.’ या माणसाला बेजबाबदार ठरवून काही साधत नाही. त्याला ही माहिती बटण दाबण्याआधी मिळाली असती, तर सौदा झालाच नसता आणि मोडलाही नसता.

तिसरे कारण लिलावातच आहे. ईबेवर खरेदीदाराने आपली कमाल रक्कम एकदा नोंदवायची असते. पुढे गरजेपुरती, टप्प्याटप्प्याने, त्याच्या वतीने बोली वाढवण्याचे काम ही यंत्रणा स्वतः करते. मुरलेला खरेदीदार शांतपणे एक आकडा ठरवतो आणि निघून जातो. नवख्याला हा हिशेब समजत नाही. आपली बोली मागे पडल्याची सूचना आली की तो इरेला पडतो, शेवटच्या मिनिटांत पुन्हा पुन्हा रक्कम वाढवतो, आणि लिलाव जिंकल्यावर त्याच्या लक्षात येते की एवढे पैसे द्यायचे त्याच्या मनात कधीच नव्हते. मग तो उत्तर देणे थांबवतो. विक्रेत्याला या मौनाचा जितका त्रास होतो तितका स्पष्ट नकाराचा होत नाही, कारण नकार आला तर निदान पुढची हालचाल करता येते.

ईबेच्या व्यवस्थेतील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे ठरलेल्या किमतीच्या विक्रीत विक्रेत्याला लावता येणारी तत्काळ भरण्याची अट. ही अट लावली की पैसे भरेपर्यंत वस्तू कोणाच्याही नावावर जात नाही. ती यादीत सर्वांना दिसत राहते आणि जो आधी पैसे भरेल त्याची होते. नवख्याचे मन बदलायचे असेल तर ते रक्कम भरण्याच्या पानावरच बदलते आणि विक्रेत्याला त्याची झळ लागत नाही. पैसे भरल्यानंतरही तो ऑर्डर रद्द करण्याची विनंती करू शकतो हे खरे आहे, पण ज्याने पैसे भरले तो बोलतो, विचारतो, उत्तर देतो. या एका सोयीला मी निःसंकोच पूर्ण गुण देईन.

लिलावात आणि किमतीच्या प्रस्तावात, म्हणजे खरेदीदार स्वतः किंमत सुचवतो तेव्हा, मात्र चित्र बदलते. बोली हा बंधनकारक शब्द आहे असे नियम सांगतो. ती मागे घेण्यास मोजकीच कारणे ग्राह्य धरली जातात, जसे की रक्कम टाइप करताना झालेली चूक किंवा वस्तूच्या वर्णनात नंतर झालेला मोठा बदल. लिलाव संपायला 12 तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर बोली लावल्यापासून तासाभरातच ती मागे घेता येते. कागदावर हे सगळे चोख आहे. पण जिंकल्यावर पैसे न देणाऱ्यासाठी ठेवलेली मुदत 4 दिवसांची आहे, त्यानंतरच विक्रेता ‘खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’ असे कारण देऊन ऑर्डर रद्द करू शकतो. विक्रीचे कमिशन अशा वेळी आकारले जात नाही आणि रद्द करण्याचे काम आपोआप व्हावे अशी सोय खात्यात करून ठेवता येते, हे चांगलेच आहे. तरीही लिलावाचे सात दिवस आणि वर हे चार, इतका काळ वस्तू अडकून पडते, आणि तिचे पैसे एखाद्या दुरुस्तीसाठी किंवा पुढच्या खरेदीसाठी हवे असतील तर हा काळ थोडा नव्हे. पूर्वीच्या व्यवहारांत विसार घेतल्याशिवाय माल बाजूला ठेवत नसत, त्यामागे हाच व्यवहारी विचार होता. काही देशांत ईबे आता किमतीचा प्रस्ताव देतानाच पैसे भरण्याचे साधन नोंदवायला लावते आणि विक्रेत्याने प्रस्ताव स्वीकारला की रक्कम आपोआप वळती होते. लिलावाच्या बोलीलाही हाच नियम सर्वत्र आणि सक्तीने लावला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अभिप्रायांच्या बाबतीत ही सेवा सर्वांत उणी पडते. ऑक्शनवेब या नावाने 1995 मध्ये सुरू झालेल्या या बाजारपेठेने 1996 मध्येच एकमेकांबद्दल अभिप्राय नोंदवण्याची पद्धत आणली, आणि अनोळखी माणसांमध्ये विश्वास निर्माण करण्यात तिचा वाटा फार मोठा होता. 2008 मध्ये विक्रेत्यांकडून खरेदीदाराला नकारात्मक अभिप्राय देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. त्यामागचे कारण मला मान्य आहे: काही विक्रेते प्रामाणिक तक्रारीचा सूड म्हणून ग्राहकाला वाईट शेरा देत आणि त्या भीतीने ग्राहक खरे लिहीत नसत. पण तेव्हापासून खरेदीदाराच्या अभिप्रायांचा आकडा पाहून विक्रेत्याला फक्त त्याची उलाढाल कळते, त्याचे वागणे कळत नाही. सतत माघार घेणारा आणि पहिलीच खरेदी मन लावून करणारा हे दोघे त्या आकड्यात सारखेच दिसू शकतात, आणि हा अन्याय प्रामाणिक नवख्यावरही होतो, कारण घाबरलेले विक्रेते सगळ्याच नव्या खात्यांकडे संशयाने पाहू लागतात.

याची थोडी भरपाई विक्रेता खरेदीदारांवर घालू शकतो त्या अटींमधून होते. मागील 12 महिन्यांत पैसे न दिल्यामुळे ज्यांच्या ऑर्डर रद्द झाल्या आहेत, अशांना विक्रेता आपल्या वस्तूंपासून दूर ठेवू शकतो, आणि विशिष्ट खाते रोखण्याची यादीही असते. म्हणूनच पैसे न मिळालेला सौदा रद्द करताना खरे कारण निवडणे फार महत्त्वाचे आहे. भिडेखातर ‘खरेदीदाराच्या विनंतीवरून’ असे कारण दिले, तर ती नोंद त्याच्या नावावर राहत नाही आणि पुढच्या विक्रेत्याला तोच त्रास होतो. लिलाव मोडल्यास मागे राहिलेल्या बोलीदाराला दुसऱ्या संधीचा प्रस्ताव पाठवता येतो. तो जरूर पाठवावा, मात्र त्या माणसाने तोवर दुसरीकडून वस्तू घेतली असण्याची शक्यता गृहीत धरावी.

इतर सेवांशी तुलना थोडक्यात करतो. लिथुआनियात 2008 मध्ये सुरू झालेल्या विंटेडवर खरेदी म्हणजेच पैसे भरणे, आणि ती रक्कम वस्तू पोहोचून खरेदीदाराची हरकत येत नाही तोवर मध्ये राखून ठेवली जाते. नवख्यांच्या दृष्टीने ही रचना मला अधिक समजूतदार वाटते. फेसबुक मार्केटप्लेस 2016 मध्ये आले. तिथे समोरासमोरच्या व्यवहारात कोणी काही बांधील नसते आणि तयार संदेश एका स्पर्शाने पाठवता येत असल्यामुळे विचारणाऱ्यांपैकी घेणारे कोण, हे विक्रेत्याने स्वतःच ओळखायचे असते. अवजड वस्तूसाठी ते ठीक आहे. पार्सलने पाठवायच्या, जपून हाताळायच्या वस्तूसाठी मी ईबेच निवडेन.

नवख्याशी बोलण्याच्या रीतीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण कोणतीही सेवा ती विक्रेत्याच्या वतीने करत नाही. या बाजारपेठेवर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून संस्थापक पिअर ओमिद्यार यांच्या बिघडलेल्या लेझर पॉइंटरचा उल्लेख केला जातो. वस्तू बिघडलेली आहे हे आपल्या लक्षात आले आहे ना, असे त्यांनी खरेदीदाराला विचारले, आणि मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो, असे उत्तर त्यांना मिळाले. नवे खाते दिसले की मीही असाच प्रश्न विचारतो: आपला कॅमेरा कोणता आहे, ही लेन्स त्यावर बसते याची खात्री केली आहे का, आणि शंका असल्यास पार्सल निघण्यापूर्वी मोकळेपणाने सांगावे. हा संदेश पैसे मिळाल्यानंतर आणि वस्तू बांधण्यापूर्वी जावा. त्यात धाक किंवा उपदेश नसावा. ज्यांना मागे फिरायचे असते ते या प्रश्नावर लगेच बोलतात, ऑर्डर त्याच दिवशी रद्द होते, रक्कम परत जाते आणि वस्तू संध्याकाळपर्यंत पुन्हा यादीत येते.

एकूण पाहता, ठरलेली किंमत आणि तत्काळ भरणा या पद्धतीने ईबे वापरण्याची शिफारस मी कोणत्याही किरकोळ विक्रेत्याला करीन. लिलाव मात्र दुर्मीळ वस्तूंसाठीच राखून ठेवावा, जिथे बोली लावणारे बहुधा जाणकार संग्राहक असतात आणि वस्तूचा बाजारभाव विक्रेत्याला स्वतःलाही आधी ठरवता येत नाही.