लिंपनंतर रेझ आली : कॉल करावा की पाने टाकावीत?

पोकरच्या नो-लिमिट होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, मध्ये सर्वांसाठी पाच पाने उघडतात, आणि दोन खेळाडूंना आधीच सक्तीची रक्कम घालावी लागते : मोठी ती बिग ब्लाइंड, दुसरी तिच्या निम्मी. आपण फक्त बिग ब्लाइंडइतके पैसे घालून लिंप केले, मागून कोणीतरी पाच बिग ब्लाइंडची रेझ केली म्हणजे रक्कम वाढवली, ब्लाइंड घालणारे दोघेही बाजूला झाले आणि बोलायची पाळी पुन्हा आपल्यावर आली. लिंप करणे मुळात योग्य होते की नाही, हा वाद येथे नको. ते करून झालेले आहे. पुढे कॉल (तेवढीच रक्कम भरून डावात राहणे) आणि फोल्ड (पाने टाकणे) असे दोनच मार्ग तोलायचे आहेत. पुन्हा रेझ करण्याचा तिसरा मार्ग आहे, पण तो बहुधा एक्क्यांची किंवा राजांची जोडी दडवून बसलेल्या माणसाचा असतो, आणि त्याला या लेखाची गरज नाही. सर्वांसमोर 100 बिग ब्लाइंडच्या चिप्स आहेत असे धरून चालू.

कॉलची बाजू प्रथम मांडतो, कारण कागदावर ती खरोखरच भक्कम आहे. आपला एक बिग ब्लाइंड, ब्लाइंडचे दीड आणि समोरच्याचे पाच मिळून पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, साडेसात होतो, आणि आपल्याला आणखी चार घालायचे असतात. म्हणजे साधारण 35 टक्के वेळा जिंकलो तरी हिशेब जुळतो. सूटेड (एकाच जातीची, उदाहरणार्थ दोन्ही बदामाची) सत्ती-छक्की समोरच्याच्या एक्का-राजाविरुद्धही चाळीस टक्क्यांच्या आसपास जिंकते, हे लक्षात घेतले तर कोणतीही बरी पाने टाकून देणे हा भित्रेपणा वाटू लागतो. कॉल करणाऱ्या खेळाडूंकडून हाच युक्तिवाद मी नेहमी ऐकतो, आणि त्यातील आकडे चुकीचे नसतात.

मात्र ते आकडे पाचही पाने उघडेपर्यंत आपण डावात राहू, असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात रेझ करणारा बहुधा आपल्यानंतर बोलणारा असतो. फ्लॉपवर, म्हणजे मधली पहिली तीन पाने उघडल्यावर, आपण चेक करतो (काही न लावता पाळी पुढे देतो), तो बेट लावतो (पैसे लावतो), आणि जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर निदान एक जोडी मिळण्याची शक्यता जेमतेम एकतृतीयांश असल्यामुळे बहुतेक वेळा आपण तेथेच थांबतो. कागदावरचा चाळीस टक्क्यांचा वाटा पूर्ण वसूल होतच नाही. किती होतो, हे समोरच्यावर आणि आपल्या कौशल्यावर अवलंबून आहे. माझ्यापेक्षा चांगला खेळणारा त्यातून अधिक काढू शकेल, हे मान्य आहे.

तरीही फ्लॉप चुकण्याचा मला फारसा त्रास नाही. चार बिग ब्लाइंड गेले, पुढचा डाव. माझा कौल ज्या गोष्टीने ठरवला ती नेमकी उलट आहे : फ्लॉप लागणे.

एक्का-नव्वी घेऊन कॉल केला आणि फ्लॉपवर एक्का आला, असे समजा. पॉट साडेअकरा आहे. मी चेक करतो, समोरचा आठ लावतो, मी कॉल करतो. एक्क्यांची जोडी असताना एवढ्यावर कोण सोडणार? टर्नवर (चौथ्या पानावर) पॉट साडेसत्तावीस असतो आणि तो एकोणीस लावतो. तोही कॉल केला तर रिव्हरला (पाचव्या पानावर) पॉट साडेपासष्टवर गेलेला असतो, माझ्यापुढे अडुसष्ट उरलेले असतात, आणि तो शांतपणे सगळे पुढे सरकवतो. प्रीफ्लॉपला (फ्लॉपआधी) चार बिग ब्लाइंडचा वाटलेला प्रश्न आता संपूर्ण स्टॅकचा, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्सचा, झालेला असतो, आणि एवढ्या वेळात माझ्या हाती आलेली नवी माहिती जवळजवळ शून्य असते. लिंप करणाऱ्यावर जो रेझ करतो त्याच्याकडे एक्का असेल, तर बहुतेकदा त्याच्या जोडीला राजा, राणी किंवा गुलाम असतो, आणि दोघांचीही एक्क्यांची जोडी झाली की मोठे दुसरे पान जिंकते. आणि एक्का-राजासमोर एक्का-नव्वी फ्लॉपआधीच्या हिशेबातही चारांतून सुमारे एकदाच जिंकते. उलट त्याच्याकडे राजांची किंवा राण्यांची जोडी असली, तर फ्लॉपवरचा एक्का पाहून तो स्वतःच हात आखडता घेतो. परिणामी मी पुढे असतो तेव्हा पॉट लहान राहतो, आणि मागे असतो तेव्हाच तो फुगतो. ही विषमता मी नोंदवहीत मोजलेली नाही, परंतु अशा डावांनंतर टेबलावरून उठताना मनात जे राहते ते जिंकलेल्या लहान पॉटांमुळे नव्हे. राजा-गुलाम आणि राणी-दश्शीची गोष्टही वेगळी नाही. दिसायला देखणी पाने, आणि लागली की प्रश्नच प्रश्न.

फोल्डच्या बाजूने माझे पारडे झुकते ते या कारणाने. एक बिग ब्लाइंड गेला, हे खरे. पण पॉटमध्ये पडलेली चिप आपली राहिलेली नसते आणि तिच्या रक्षणासाठी आणखी चार पाठवण्याला तसा अर्थ नसतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी फ्लॉप न उघडता संपलेल्या डावातून रेक (खेळ चालवणाऱ्याचा वाटा) कापला जात नाही, तर कॉल करून दोघांत खेळलेल्या मध्यम आकाराच्या पॉटमधून तो कापला जातो, हा लहानसा फरकही फोल्डच्या खात्यात जमा करावा लागतो.

फोल्डवरचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. आपण लिंप करून प्रत्येक वेळी पाने टाकतो, हे एकदा कोणाच्या ध्यानात आले की तो कोणत्याही दोन पानांवर रेझ करू लागतो. अडीच बिग ब्लाइंड मिळवण्यासाठी तो पाच लावत असल्यामुळे तीनपैकी दोनदा सगळ्यांनी पाने टाकली की त्याचे नुकसान थांबते, आणि त्याहून अधिक वेळा टाकली तर त्याला पाने पाहण्याचीही गरज नाही. असा खेळाडू डावीकडे बसला असेल तर केवळ फोल्ड करत राहणे परवडत नाही. यावर कमकुवत एक्क्यांनी कॉल वाढवणे हा उपाय मला तरी मानवलेला नाही. लिंपच कमी करणे, आणि लिंप करताना अधूनमधून जोरदार पानेही त्यात ठेवणे, हे अधिक बरे वाटते. रेझ आल्यावर जी पाने टाकावी लागतील असे आधीच दिसते, ती बहुधा लिंप करण्याच्याही लायकीची नव्हती.

आता कॉलला त्याचे न्याय्य स्थान द्यायला हवे, आणि ते प्रामुख्याने लहान जोड्यांचे आहे. पंजीची जोडी घेऊन फ्लॉपवर सेट (त्याच आकड्याचे तिसरे पान) मिळण्याची शक्यता 12 टक्क्यांच्या किंचित खाली, म्हणजे साडेआठ वेळांत सुमारे एकदा असते. सेट लागला तरी दर वेळी मोबदला मिळतोच असे नाही, म्हणून कॉलच्या रकमेच्या पंधरा ते वीस पट चिप्स दोघांकडेही मागे उरलेल्या असाव्यात, असा ढोबळ नियम खेळाडू पाळतात. पाचच्या रेझवर चार घालून मागे पंच्याण्णव राहतात, ते जवळजवळ चोवीस पट झाले. येथे कॉल निश्चिंतपणे करावा. रेझ नऊची असेल तर आठ घालून एक्क्याण्णव उरतात, म्हणजे अकरा पटींहून थोडे अधिक, आणि तीच जोडी टाकण्याजोगी होते. मुख्य म्हणजे जोडीबाबत वर सांगितलेला त्रास नसतो. सेट लागला की काय करायचे ते माहीत असते, नाही लागला तरी माहीत असते.

सूटेड सलग पानांबद्दल मी अधिक सावध आहे. फ्लॉपवर तयार फ्लश (एकाच जातीची पाच पाने) शंभरात एकदाही येत नाही आणि फ्लशचा ड्रॉ (फ्लशला एकच पान कमी) सुमारे 11 टक्के वेळा येतो; तो पुढे नेण्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात, तेही आधी बोलून. पोझिशन (फ्लॉपनंतर शेवटी बोलण्याचा फायदा) आपल्याकडे असेल, म्हणजे आपण बटनवरून (फ्लॉपनंतर सर्वांच्या शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) इतरांच्या मागे लिंप केले असेल आणि रेझ ब्लाइंडमधून आली असेल, तर चित्र पुष्कळ बदलते आणि तेथे मीही कॉल करतो.

समोरच्याकडे सुरुवातीलाच चाळीस बिग ब्लाइंड होते आणि त्याने सातची रेझ केली, तर पंजीची जोडीसुद्धा मी सोडतो, कारण सहा घालून त्याच्याकडून जास्तीत जास्त तेहतीस मिळू शकतात. याउलट रेझ पाचची असेल, सर्वांच्या चिप्स भरपूर असतील, मधल्या दोघांनी कॉल केलेला असेल आणि शेवटचा निर्णय माझ्याकडे असेल, तर दुर्रीची जोडीही मी घेऊन जातो. एक्का-नव्वी मात्र तेव्हाही टाकतो.